बेबीचा लॅपटॉप चार्ज होत नाही

बेबीनं साठी ओलांडली, केस पांढरे झाले, गुडघे कुरकुरायला लागले, तरी सगळे तिला बेबीच म्हणत. कारण तिच्याहून मोठी एक बहीण होती आणि त्या बहिणीनं ठेवलेलं नाव बदलायची कुणाची छाती नव्हती. ही मोठी बहीण, म्हणजे ताई, मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली. शाळा सुटली, पण ताईच्या अंगातली शाळा काही सुटली नाही. समोर रांगेत उभं करायला कुणी नाही म्हणून तिनं आधी मुलाला धरलं. तो नोकरीच्या निमित्तानं दिवसभर बाहेर पळाला. मग सून. तीही पळाली. उरली बेबी. ती दुसऱ्या गावात राहत होती खरी, पण ताईला हे अंतर म्हणजे फारशी अडचण वाटत नसे.

बेबी घरीच कपडे दुरुस्त करून द्यायची. नवे कपडे ती शिवत नसे. लोकांनी दुकानातून हौसेनं आणलेले आणि घरी आल्यावर अंगाला न बसलेले कपडे बसवून देणं, हा तिचा धंदा. पँट आखूड करायची, कोटाचं अस्तर बदलायचं, कमरेला सैल करायचं आणि वर गिऱ्हाइकाला सांगायचं की तुमचं वजन वाढलेलं नाही, कापडच आटलंय. त्यामुळे गिऱ्हाईक टिकून होतं. शिलाई मशीन खिडकीशी होतं आणि त्या खिडकीत सकाळी असा काही उजेड यायचा की काळ्या कापडावरची काळी शिवणसुद्धा चष्म्याशिवाय उसवता यावी. दुपारनंतर समोरच्या इमारतीची सावली पडली की तो उजेड संपला. म्हणून बेबीची सकाळ म्हणजे सोन्याहून पिवळी.

नेमक्या त्याच सकाळवर ताईनं हात घातला.

झालं असं की मागे एकदा बेबी ताईकडे गेली असताना पाटावरून उठताना तिच्या तोंडून 'आई गं' असं निघालं. तेवढंच. पण ताईनं ते ऐकलं. पुढच्या वाढदिवसाला बेबीच्या घरी एक खोकं आलं आणि त्यात ताईच्या मुलाचा जुना, पण धडधाकट लॅपटॉप. फोनवर ताई म्हणाली, "त्या फोनच्या एवढ्याशा काचेत तुझे गुडघे दिसत नाहीत मला. उद्यापासून रोज सकाळी व्यायाम. मी घेणार."

आणि तिनं घेतला. इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप, समोर खुर्ची, खुर्चीची पाठ धरून बेबी. पडद्यावर ताई, छातीपासून वर, चष्मा लावलेली, मागे पुस्तकांचं कपाट. "एक... दोन... बेबी, कोपर. तीन... हनुवटी खाली का? परत एकपासून." ताईचा चेहरा शेवटी शेवटी लालबुंद व्हायचा. बेबीला वाटायचं, या वयात काय मेहनत घेते ही. आपण तिच्यापेक्षा लहान असून धापा टाकतो. लाज वाटून ती आणखी दोनदा खाली बसायची आणि उठायची. तोवर खिडकीतला निम्मा उजेड ओसरलेला असायचा आणि मशीनवर पँटींचा ढीग तसाच.

महिनाभर तिनं कळ काढली. मग एके दिवशी सकाळी एका गिऱ्हाइकाचा कोट अडकून बसला. बाहीचं अस्तर निघालेलं, आणि दुपारच्या आत कोट अंगावर घालून त्याला नोकरीच्या मुलाखतीला जायचं होतं. बेबीनं फोन उचलला आणि ताईला म्हणाली, "अगं, आज जमायचं नाही. लॅपटॉप चार्जच होत नाहीये."

लॅपटॉप शेजारीच होता. चार्जर लावलेला, कडेचा पांढरा दिवा शांतपणे लागलेला, बॅटरी काठोकाठ भरलेली. खोटं इतकं सहज निघून गेलं की बेबीलाच स्वतःचं कौतुक वाटलं.

पलीकडून ताई म्हणाली, "बरं. मग बघू या आपण."

ताईच्या तोंडच्या 'आपण'चा अर्थ बेबीला लहानपणापासून माहीत होता. आपण माळा आवरू या, आपण पाढे म्हणू या. म्हणजे तू कर, मी बघते.

पहिला दिवस साधाच गेला. बटण चालू आहे का, वायर नीट खोचली आहे का, दिवा लागतो का. बेबी कोटाची बाही पालथी करून टाके घालता घालता उत्तरं देत होती. बटण चालू. वायर खोचलेली. दिवा नाही. "अजिबात नाही?" "अजिबात नाही." "बरं, उद्या बघू," ताई म्हणाली, आणि कोट वेळेत गेला. बेबीनं त्या आनंदात स्वतःसाठी जास्तीचा चहा टाकला. नवऱ्याला म्हणाली, "अहो, ताईनं विचारलं तर लॅपटॉप बिघडलाय म्हणून सांगा."

तिच्या नवऱ्याला सगळे नाना म्हणत. नानांचं आयुष्य चष्म्याच्या दुकानात, 'खालची ओळ वाचता येते का' असं लोकांना विचारण्यात गेलेलं. खोटं बोलणं त्यांना जमत नसे. तत्त्व वगैरे काही नव्हतं. त्यांना ते सुचायचंच नाही. त्यांनी विचारलं, "पण तो बिघडलाय कुठे? मी काल त्यावर सिनेमा पाहिला की. आपला टीव्ही बंद आहे म्हणून."

"तेच तर सांगायचं नाहीये ना."

"बरं," नाना म्हणाले आणि ही गोष्ट न सांगण्याच्या यादीत त्यांनी मनातल्या मनात टाकली असावी, असं बेबीनं धरून चाललं.

दुसऱ्या दिवशी ताईचा फोन व्यायामाच्या वेळेला बरोबर आला, आणि आता ती तयारीनं आली होती.

"बेबी, बिघाड लॅपटॉपचाच असेल असं नाही. सॉकेटचा असेल. दुसऱ्या सॉकेटला लावून बघ."

"लावला. नाही होत."

"इतक्यात? दुसरं सॉकेट तर तुझ्या मशीनच्या टेबलाखाली आहे, अगदी भिंतीशी. मी पाहिलंय. तू उठलीसही नाहीस."

बेबी उठली. उठल्याचा आवाज यावा म्हणून खुर्ची सरकवली आणि परत बसली. "हं, लावला. नाही."

"टेबलाखाली आवाज घुमतो," ताई शांतपणे म्हणाली. "तुझा घुमत नाहीये."

शेवटी बेबी टेबलाखाली शिरली. फोन कानाशी, दुसऱ्या हातात चार्जर, डोक्यावर टेबलाची फळी. तिथे गेल्या कित्येक महिन्यांची बटणं, टाचण्या आणि धाग्यांची गुंतवळ पडलेली होती. "टक आवाज ऐकू येऊ दे बटणाचा," ताई म्हणाली. टक. "बंद कर. परत चालू कर." टक, टक. "आता बाहेर ये आणि लॅपटॉपचा दिवा बघ. नसेल तर परत जा आणि वायर उलटी करून लाव."

बेबी किती वेळा आत गेली आणि किती वेळा बाहेर आली, ते तिचं तिलाच ठाऊक. वर ताईच्या सूचना चालूच. "गुडघ्यावर भार नको देऊस. कमरेतून वाक. सॉकेट दिसायला तसं बरं पडतं."

तिसऱ्या दिवशी ताई म्हणाली, "तुझ्या घरात धागे उडतात. चार्जिंगच्या भोकात गेले असतील. जुना दात घासायचा ब्रश घे आणि घास. मनगट फिरव. गोल, गोल. आता उलट्या बाजूनं." बेबीनं रिकाम्या हवेत ब्रश फिरवला, पण घासल्याचा आवाज हवा होता म्हणून मग पँटीवर घासला. ताई म्हणाली, "हा कापडाचा आवाज आहे." बेबीनं मुकाट्यानं लॅपटॉप घासायला घेतला.

चौथ्या दिवशी आणखी नवीन निघालं. लॅपटॉपमध्ये म्हणे वीज साठून राहते आणि ती उतरल्याशिवाय बॅटरी नवी वीज घेत नाही. चार्जर काढायचा, चालू करायचं बटण बराच वेळ दाबून धरायचं. इथपर्यंत बेबीला पटलं. असं काहीतरी नानांच्या पुतण्यानंही एकदा केलं होतं. पण पुढे ताई म्हणाली, "आणि आता तो दोन्ही हातांनी डोक्यावर धर. सरळ वर. मी मोजते."

"डोक्यावर कशाला?"

"वीज खाली उतरते ना. म्हणून लॅपटॉप वर हवा."

"कुणी सांगितलं तुला हे?"

"माझा मुलगा यातलाच आहे, विसरलीस का?"

बेबीनं हळूच लॅपटॉपऐवजी उशी उचलली आणि डोक्यावर धरली. ताई मोजत होती. मध्येच थांबली. "तुला दम कसा लागत नाहीये?" बेबीनं उशी ठेवली आणि लॅपटॉप घेतला. नाना पेपर वाचत होते. त्यांनी पेपर जरासा खाली केला, बायकोकडे पाहिलं, आणि पुन्हा वर केला.

आठवडा संपता संपता बेबीच्या ध्यानात आलं की हा व्यवहार आतबट्ट्याचा झाला. व्यायाम होता तेव्हा उजेड निम्मा तरी हाती लागायचा. आता सगळाच जात होता. शिवाय खांदे भरून आलेले, कंबर बोलत होती. पण आता कोणत्या तोंडानं सांगायचं की लॅपटॉप पहिल्या दिवसापासून ठणठणीत आहे? एवढा वेळ टेबलाखाली मी काय करत होते मग? ती तशीच रेटत राहिली.

आणि मग ताईनं माणूस पाठवला. बेबीच्याच रस्त्यावरच्या दुकानाचा नंबर तिनं कुठून काढला देव जाणे. दार वाजलं, बघते तर लॅपटॉपवाला उभा. तिशीतला, डोळे झोपाळू, खांद्यावर एक पिशवी, तिची चेन उसवलेली. आत आला, लॅपटॉप उघडला, चार्जर लावला. पांढरा दिवा लागला. त्यानं बेबीकडे पाहिलं.

"बाई, याला काय झालंय? हा तर घोड्यासारखा आहे."

"हळू बोला," बेबी म्हणाली. तेवढ्यात फोन वाजला. ताई. "आला का तो? स्पीकरवर टाक."

बेबीनं फोन तळहातानं झाकला आणि लॅपटॉपवाल्याला हात जोडले. तो बुचकळ्यात पडला. कुजबुजत म्हणाला, "कोण आहे?"

"मोठी बहीण."

"किती मोठी?"

"तशी सहा-सात वर्षांनीच. पण फार मोठी आहे."

लॅपटॉपवाल्यानं खोलीत नजर फिरवली. इस्त्रीच्या टेबलासमोर रोखून ठेवलेली खुर्ची, मशीनवरचा ढीग, बेबीचा चेहरा. काय समजला कोण जाणे, पण त्याला समजलं. त्याच्या सासूबाईंकडे एक प्रिंटर होता आणि दर रविवारी तो दुरुस्त करायला त्याला जावं लागत असे. त्यानं घसा साफ केला.

"नमस्कार ताई. मी सगळं तपासलं. चार्जर लावलाय. सॉकेटमध्ये वीज आहे. पण बॅटरी चार्ज होत नाहीये. एक टक्कासुद्धा पुढे सरकत नाहीये."

"खात्रीनं सांगताय?"

"शंभर टक्के," तो म्हणाला, आणि त्याचं बोट पडद्याच्या कोपऱ्यात होतं. तिथे बॅटरीच्या चित्राशेजारी नेमकं तेच लिहिलेलं होतं.

बेबीला खिडकीकडे तोंड फिरवावं लागलं.

"मग उपाय काय?" ताईनं विचारलं.

"आत्ता या घडीला काहीच करण्यासारखं नाही. थोडे दिवस जाऊ द्या."

तो चहा पीत बसला तेवढ्यात बेबीनं त्याच्या पिशवीची चेन नवी घालून दिली. दोघांनाही व्यवहार पटला. पण फोन ठेवण्याआधी ताई म्हणाली होती, "ठीक आहे. आता मीच येते. नवा चार्जर घेऊन येते. परवा."



आता नुसतं खोटं बोलून भागणार नव्हतं, खोटं करून दाखवायला हवं होतं. ताई आल्या आल्या आधी बटण दाबून बघणार. म्हणजे बॅटरी रिकामी हवी. मग स्वतःचा चार्जर लावणार. म्हणजे तो लावूनही उपयोग होता कामा नये. दुसरी अडचण बेबीनं आपल्या धंद्याला शोभेल अशी सोडवली. कोटाच्या काळ्या अस्तराचा नखाएवढा तुकडा कापला, घडी घातली आणि सुईच्या टोकानं चार्जिंगच्या भोकात ठासून बसवला. काळ्यात काळं. बाहेरून बघणाऱ्या ब्रह्मदेवालाही कळायचं नाही.

पहिली अडचण मात्र भारी निघाली. बॅटरी काही केल्या संपेना. ज्या दिवशी ताई येणार त्या दिवशी सकाळपासून बेबीनं लॅपटॉपवर एक लांबलचक रडका सिनेमा लावून ठेवला. पडदा जास्तीत जास्त उजळ, आवाज पूर्ण. नाना समोर बसून मनापासून बघत होते. नायिका अंध झाली, तिला पुन्हा दिसायला लागलं, तिचा भाऊ हरवला, सापडला, आणि बॅटरी अजून निम्म्यावर. बेबी दर थोड्या वेळानं मशीनवरून उठून बघायला यायची आणि मान हलवत परत जायची.

"चांगला माल आहे," नाना कौतुकानं म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा."

दुपार झाली. नाना खिडकीशी गेले आणि म्हणाले, "ताई आल्या. टॅक्सीतून उतरल्या."

बॅटरी अजून तीस टक्क्यांच्या वर होती. बेबीनं ठरवलं, जिना चढून येईतोवर जेवढी जाईल तेवढी जाऊ दे, घंटा वाजली की झाकण लावून कपाटात टाकू. ती दारामागे उभी राहिली. घंटा वाजेना. सिनेमात आता लग्नमंडपात कुणीतरी ओरडत होतं. बेबी कान देऊन उभी. जिन्यात पावलांचा आवाजही नाही. दुसऱ्या मजल्यावर यायला एवढा वेळ? शेवटी तिनं दार उघडलं आणि खाली उतरली.

पहिल्या मजल्याच्या वळणावर ताई पायरीवर बसली होती. मांडीवर बॅग, बॅगेवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. चेहरा असा की जणू ती मुद्दाम ठरवून इथे बसायलाच आली होती.

"इथे काय करतेस गं?"

"हवा खातेय."

"जिन्यात?"

"वारा चांगला आहे इथे."

वाऱ्याची झुळूकही नव्हती. वरच्या मजल्यावरचा एक मुलगा सायकल खांद्यावर घेऊन खाली आला, दोघींकडे बघून थबकला, 'सॉरी काकू' म्हणून कडेनं गेला. बेबी खालच्या पायरीवर उतरून बसली. ताईचा एक पाय सरळ पुढे ताठ होता.

"डावा?" बेबीनं विचारलं.

"डावा." मग ताई म्हणाली, "उजवाही."

"कधीपासून?"

"डॉक्टर म्हणाले होते, रोज व्यायाम करा, नाहीतर जिने विसरा. तुझा वाढदिवस यायचा होता तेव्हाची गोष्ट."

"पण तू तर रोज करत होतीस. माझ्याबरोबर."

ताईनं चष्मा काढला, रुमालानं पुसला, उजेडाकडे धरून पाहिला. "मी मोजत होते," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे करत तू होतीस. मी मोजत होते. खुर्चीत बसून. करायचं मनात असायचं माझ्या, खरंच. पण तुझं कोपर वाकडं दिसायचं आणि मग सांगण्यातच वेळ जायचा."

बेबीच्या डोळ्यांसमोर तो पडदा आला. छातीपासून वर ताई. खाली काय चाललंय ते कधी दिसलंच नव्हतं. "आणि तुझा चेहरा लाल व्हायचा तो?"

"तू चुकायचीस म्हणून."

बेबी काही बोलणार, इतक्यात वरून व्हायोलिन सुरू झालं. पाठोपाठ एका बाईचा हुंदका जिन्यातून घरंगळत खाली आला, आणि मग तिनं पूर्ण गळा काढला.

"वर कोण रडतंय?" ताईनं विचारलं.

"टीव्ही."

"तुमचा टीव्ही बंद आहे. नाना सांगत होते."

बेबी सावध झाली. "नाना तुला कधी भेटले?"

"भेटले नाहीत, फोनवर. तू अंघोळीला गेली होतीस. मी विचारलं, नाना, लॅपटॉप चालतो का? ते म्हणाले, उत्तम चालतो, परवाच त्यावर सिनेमा पाहिला, आपला टीव्ही बंद आहे ना."

"कधी विचारलंस हे?"

"दुसऱ्या दिवशी. सॉकेट बघायच्या आधी."

बेबीनं मनात उलटी उजळणी सुरू केली. दुसऱ्या दिवशी, सॉकेटच्या आधी. म्हणजे सॉकेट, ब्रश, डोक्यावर लॅपटॉप, सगळं त्याच्यानंतरचं. ती सावकाश म्हणाली, "ताई, ती साठलेली वीज..."

"कसली साठलेली वीज? बटण दाबण्यापुरती खरी असेल. बाकी खांदे मोकळे होतात त्यानं."

"आणि टेबलाखाली?"

"कंबर."

"ब्रश?"

"मनगट. शिवण करून तुझी मनगटं आखडतात."

"आणि तुझा मुलगा यातलाच आहे ते?"

"आहेच तो यातला. मी त्याला विचारलं असं कुठे म्हटलं?"

बेबीला संताप आला. तो तोंडापर्यंत आला आणि तिथे येऊन त्याचं काय झालं कोण जाणे, ती हसायलाच लागली. टेबलाखाली फळीवर डोकं आपटून घेणारी स्वतः, उशी डोक्यावर घेतलेली स्वतः, आणि दुसऱ्या गावात खुर्चीत बसून कान देऊन ऐकणारी ही. ताईनं थोडा वेळ मुख्याध्यापिकेचं तोंड टिकवलं, मग तिचेही खांदे हलायला लागले. वरची बाई रडत होती आणि जिन्यात या दोघी एकमेकींना धरून हसत होत्या. पहिल्या मजल्यावरचं एक दार किलकिलं झालं आणि हळूच लागलं.

"मग आलीस कशाला?" बेबीनं डोळे पुसत विचारलं. "सगळं माहीत होतं तर?"

"तू कुठवर जातेस ते बघायला," ताई म्हणाली. मग बॅगेचा पट्टा उगाचच घट्ट करत म्हणाली, "आणि फोनवर नुसता आवाज येतो. तोंड दिसत नाही तुझं."

बेबीनं बॅग उचलली. "चल. उठ. मी मोजते."

ताईनं असा काही कटाक्ष टाकला की पूर्वी पोरी त्यानं जागच्या जागी थिजत. पण बेबी तिच्या मागे उभी राहून म्हणाली, "एक. कठडा धर. दोन. हनुवटी वर." आणि ताई चढली. मध्ये दोनदा हवा खायला थांबली, पण चढली.

दारात नाना उभे होते. म्हणाले, "या ताई. लॅपटॉप चालू आहे, सिनेमा संपत आलाय, बघायचा का?"

"अहो, तुम्ही हिला सगळं सांगितलंत?" बेबीनं विचारलं.

"त्यांनी विचारलं," नाना म्हणाले. त्यांच्या लेखी प्रश्न तिथे संपला.

चहा झाला, हसणं झालं, आणि मग ताई म्हणाली, एवढ्या लांबून चार्जर आणलाय तर लावून बघू. नवा चार्जर लावला. दिवा लागला नाही. बेबीला अस्तर आठवलं. सुई आणली, चिमटा आणला, पण ठासून बसवलेलं ते, आणखी आत गेलं. दोघींनी आळीपाळीनं खटपट केली. धागा धागा बाहेर येत होता, तुकडा येत नव्हता. सिनेमानं उरलीसुरली बॅटरीही तेवढ्यात संपवली आणि पडदा काळा झाला. आता लॅपटॉप खरोखरच चार्ज होत नव्हता. बेबी टेबलाशी तोंड पाडून बसली. शेवटी नाना खाली जाऊन लॅपटॉपवाल्याला घेऊन आले.

त्यानं छोटा टॉर्च लावून भोकात पाहिलं, बारीक चिमट्यानं तुकडा ओढून काढला आणि उजेडात धरला. "हे काय आहे?"

"अस्तर," बेबी म्हणाली.

लॅपटॉपवाल्यानं चार्जर लावला, दिवा नारिंगी झाला, बॅटरीत वीज जायला लागली. तो पिशवी आवरत होता तेव्हा ताई म्हणाली, "तुम्हीच ना ते शंभर टक्के?"

तो उभा होता तसा ताठ झाला. "ताई, मी खोटं एक अक्षर बोललो नाही."

ताईनं त्याचं वाक्य मनातल्या मनात तपासलं. "नाही," ती म्हणाली. "भाषा चांगली आहे तुमची. बसा, चहा घ्या."

ताई चार-पाच दिवस राहिली. त्या दिवसांत तह झाला. व्यायाम दोघींनी करायचा आणि उभं राहून करायचा. ताईनं लॅपटॉप इतका लांब ठेवायचा की तिचे पाय दिसले पाहिजेत. मोजायचं आळीपाळीनं. एकमेकींचं कोपर बघायचं नाही. नानांनी एवढी इमानदारी दाखवली, तर त्यांनीही मागे उभं राहून हात वर करायला काही हरकत नाही, असंही ठरलं. ते नानांना कुणी विचारलं नव्हतं, त्यामुळे त्यांनी काही म्हटलं नाही.

फक्त वेळेवर गाडं अडलं. ताई म्हणे, व्यायाम सकाळीच करायचा असतो, अंग ताजं असतं. बेबी म्हणे, सकाळी माझा उजेड असतो, दुपारी सावली पडली की कितीही वाकायला सांग. जेवताना हाच विषय, झोपताना हाच विषय. ताईनं डॉक्टरांचा दाखला दिला. बेबीनं गिऱ्हाइकांचा दिला. चाललेला व्यायाम मात्र दोघींच्या भांडणात कधी सकाळी व्हायचा, कधी संध्याकाळी, एकदा तर झालाच नाही कारण दोघी बाजारात गेल्या आणि रमल्या.

जायच्या दिवशी बेबी तिला बसवर सोडायला गेली. बसची पायरी चांगलीच उंच होती. बेबीनं हात पुढे केला. "नको," ताई म्हणाली, दांडा धरला, एक पाय वर ठेवला, तशीच थांबली. मागची माणसं खोळंबली. ताईनं मागे न बघता हात मागे केला, बेबीनं तो धरून खालून रेटा दिला आणि ताई वर गेली. खिडकीशी जागा मिळाली. तिनं काच सरकवली, पर्स मांडीवर नीट ठेवली. बस सुरू झाली होती.

"उद्या सकाळी," ताई खिडकीतून म्हणाली.

"दुपारी," बेबी म्हणाली.

ताईनं काहीतरी उत्तर दिलं. तिचं तोंड हलताना दिसलं, पण बसच्या आवाजात ते काही ऐकू आलं नाही, आणि बेबीनं ते विचारून घ्यायचाही प्रयत्न केला नाही. हात हलवत ती उभी राहिली, आणि बस वळणाआड गेल्यावर झपझप घराकडे निघाली. मशीनवर तीन पँटी वाट बघत होत्या आणि खिडकीतला उजेड अजून शाबूत होता.